उशिरा लागणारा ब्रेक

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपल्याकडे इतक्या सहजपणे म्हटलं जातं की त्यात काही विचित्र आहे असं कुणाला वाटतच नाही. म्हणजे बघा, शहाण्याने बँकेची पायरी चढू नये किंवा पोस्टाची पायरी चढू नये असं कुणी म्हणत नाही. शासनाच्या तीन अंगांपैकी एका अंगाबद्दल मात्र आपलं घरोघरी एकमत आहे, की त्याच्यापासून लांब राहिलेलं बरं. का? तर तारखांवर तारखा पडतात, वेळ जातो, पैसा जातो.

या उशिराकडे आपण एक गैरसोय म्हणून बघतो. लोकल उशिरा येते, पाणी उशिरा येतं, तसा निकालही उशिरा येतो. चालायचंच. माझं म्हणणं जरा वेगळं आहे. ज्याने वाड्याचा कब्जा घेतलाय त्याला कोर्टातल्या उशिराचा काहीच त्रास नसतो, हे भाऊबंदकीचा एखादा दावा जवळून बघितलेल्या कुणालाही विचारा. दावा जितका रेंगाळेल तितकं त्याचं बरं. आता हाच हिशोब सरकार विरुद्ध नागरिक अशा खटल्याला लावून बघा. तिथे कब्जा कायमच सरकारकडे असतो. कायदा लागू झालेला असतो, नोटा रद्द झालेल्या असतात, घर पाडलेलं असतं, मुख्यमंत्र्यांचा शपथविधी उरकलेला असतो. अशा खटल्यात उशीर हाच निकाल असतो, आणि तो सरकारच्या बाजूने लागलेला असतो.

मी वकील नाही, कोड लिहून पोट भरतो. पण घटना वाचायला सनद लागत नाही असं माझं प्रामाणिक मत आहे. म्हणून हा शनिवार-रविवारचा खटाटोप.

शाळेत नागरिकशास्त्रात आपण कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायमंडळ पाठ केलं. पहिलं कायदे करतं, दुसरं ते राबवतं, तिसरं त्यांचा अर्थ लावतं. दोन मार्कांना उत्तर ठीक आहे. पण त्यामुळे न्यायमंडळ म्हणजे भांडणं सोडवणारं एक मोठं तंटामुक्ती केंद्र असा काहीतरी समज होतो. भांडणं सोडवणं हे काम आहेच. पण ते तर राजाही करत होता, गावचा पाटीलही करत होता. लोकशाहीत न्यायमंडळ वेगळं ठेवायचं कारण दुसरं आहे. सरकार या गाडीला इंजिन आहे, स्टिअरिंग आहे, पेट्रोलचा पैसाही तिच्याकडेच आहे. तिला ब्रेक कोण लावणार? अमेरिकेची घटना लिहिली गेली तेव्हा अलेक्झांडर हॅमिल्टनने 1788 मध्ये मांडलेला मुद्दा असा, की न्यायालयाच्या हातात तलवारही नाही आणि तिजोरीही नाही. त्याच्याकडे फक्त निर्णयबुद्धी आहे. म्हणून तो तिघांतला सगळ्यात कमी धोकादायक भाऊ.

आपल्या मराठी मनात न्यायाधीश म्हटलं की रामशास्त्री प्रभुणे उभे राहतात. 1773 मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, रामशास्त्र्यांनी राघोबादादांना दोषी ठरवलं आणि या पापाला देहान्त प्रायश्चित्त आहे असं तोंडावर सांगितलं. आपण ही गोष्ट बाणेदारपणाची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण गोष्टीचा पुढचा भाग आपण पटकन गुंडाळतो. राघोबादादा पेशवे राहिले आणि रामशास्त्री पुणं सोडून गेले. राघोबांना पुढे दूर केलं ते बारभाईंनी, म्हणजे राजकारणाने. रामशास्त्री परत आले ते त्यानंतरच. थोडक्यात काय, तर न्यायाधीश कितीही निस्पृह असला तरी त्याच्या 'नाही' या शब्दाला गाडीच्या चाकाशी जोडणारी तार नसेल, तर उपयोग फक्त बखरीत.

ही तार जोडण्याचं काम आपल्या घटनेने केलं. कलम 32 नुसार मूलभूत हक्कांवर गदा आली तर कुणीही नागरिक थेट सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकतो. घटना समितीत डिसेंबर 1948 मध्ये डॉ. आंबेडकरांनी याच कलमाला सगळ्या घटनेचं हृदय आणि आत्मा ठरवलं होतं. भाषणस्वातंत्र्याला नाही, समतेच्या कलमालाही नाही. विचार केला तर कळतं की बाबासाहेबांमधला बॅरिस्टर बोलत होता. हक्क कागदावर लिहिणं सोपं असतं. तो मोडला तर *कुठे जायचं* हे लिहिलेलं नसेल तर बाकी सगळं सुविचारांसारखं.

आता ही तार ताणली गेली तेव्हा काय झालं ते बघू.

24 एप्रिल 1973 ला केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला. 13 न्यायाधीश, 68 दिवस युक्तिवाद. एका बाजूला नानी पालखीवाला, दुसऱ्या बाजूला केरळ सरकारतर्फे एच. एम. सीरवाई, दोघेही मुंबईचे. निकाल 7 विरुद्ध 6 असा काठावरचा: संसद घटनादुरुस्ती करू शकते, पण घटनेची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. सरकारचं उत्तर लगेच आलं. शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून ए. एन. राय यांना सरन्यायाधीश केलं. तिघांनीही राजीनामे दिले. (ब्रेक आवडला नाही की ड्रायव्हर मेकॅनिक बदलतो, हे तेव्हापासून चालू आहे.)

मग आणीबाणी आली. लोकांना खटला न चालवता आत टाकलं होतं. नऊ उच्च न्यायालयांनी सांगितलं, की आणीबाणी असली तरी अटक कायदेशीर आहे का हे आम्ही तपासू शकतो. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 28 एप्रिल 1976 ला पाचपैकी चार न्यायमूर्तींनी सांगितलं, की नाही, आणीबाणीत नागरिकाला हा दरवाजा बंद. राय, बेग, यशवंतराव चंद्रचूड आणि भगवती हे ते चौघे. एकटे एच. आर. खन्ना विरोधात गेले. जानेवारी 1977 मध्ये खन्नांची ज्येष्ठता डावलून बेग सरन्यायाधीश झाले, खन्नांनी राजीनामा दिला. राय आधीच सरन्यायाधीश होते, पुढे चंद्रचूड आणि भगवतीही झाले. म्हणजे चारही जण त्या खुर्चीपर्यंत पोचले आणि पाचवा तेवढा राहिला. यावर मी वेगळं भाष्य करत नाही.

हा निकाल औपचारिकपणे चुकीचा कधी ठरवला गेला माहितीये? 24 ऑगस्ट 2017 ला. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं नऊ न्यायमूर्तींनी सांगितलं, त्याच निकालात. आणि ते लिहिणाऱ्यांत धनंजय चंद्रचूड होते, म्हणजे 1976 च्या चौघांतल्या एकाचे चिरंजीव. मुलाने बापाचा निकाल पुसला म्हणून तेव्हा कौतुक झालं, मलाही ते वाचून भारी वाटलं होतं. पण 41 वर्षं! आणीबाणीत आत गेलेला तिशीतला माणूस तोपर्यंत सत्तरी ओलांडून गेला. त्याच्या आयुष्यातली गजाआडची वर्षं या निकालाने परत आली नाहीत. नागरिकांना खरा दिलासा खूप आधी मिळाला होता, 1977 च्या मतदानातून आणि 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीतून. म्हणजे लोकांनी आणि संसदेने. ब्रेकने नाही.

इतकं जुनं कशाला उकरायचं असं कुणी म्हणेल. मग आपल्या महाराष्ट्रातलीच दोन उदाहरणं घेऊ, दोन्ही आपल्या डोळ्यांसमोर घडलेली. आधीच सांगतो, यात मला कुठल्याही पक्षाची बाजू घ्यायची नाही. कुठला पक्ष बरोबर यावर आपली डोकी फुटतीलच, पण तो आजचा विषय नाही. मला फक्त घड्याळ बघायचंय.

पहिलं उदाहरण. 23 नोव्हेंबर 2019, शनिवार. आपण साखरझोपेत असताना राष्ट्रपती राजवट उठली आणि सकाळी चहा घेताना टीव्हीवर देवेंद्र फडणवीस आणि अजित पवारांचा शपथविधी दिसला. विरोधी तिघे पक्ष कोर्टात गेले. रविवारी, सुट्टीच्या दिवशी, सुनावणी झाली. सोमवारी पुढची सुनावणी. मंगळवारी 26 तारखेला आदेश: उद्या संध्याकाळी पाचच्या आत बहुमत सिद्ध करा, गुप्त मतदान नाही, थेट प्रक्षेपण करा. त्याच दिवशी दुपारी दोघांचेही राजीनामे. न्यायालयाने कुणाला मुख्यमंत्री करा असं सांगितलं नाही, कुणाला दोषी ठरवलं नाही. फक्त 'आत्ता, सगळ्यांसमोर मोजा' एवढंच सांगितलं. शनिवार ते मंगळवार, प्रकरण संपलं.

दुसरं उदाहरण. जून 2022. शिवसेनेतल्या एकनाथ शिंदे गटाचं बंड. 27 जूनला सर्वोच्च न्यायालयाने बंडखोर आमदारांना अपात्रतेच्या नोटिशीला उत्तर द्यायला 12 जुलैपर्यंत मुदत दिली. 29 जूनच्या रात्री बहुमत चाचणीला स्थगिती द्यायला नकार दिला. त्याच रात्री उद्धव ठाकऱ्यांनी राजीनामा दिला. 30 जूनला शिंदेंचा शपथविधी. ऑगस्टमध्ये प्रकरण घटनापीठाकडे गेलं, आणि निकाल आला 11 मे 2023 ला. पाचही न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की राज्यपालांकडे बहुमत चाचणी बोलवण्यासाठी पुरेसं कारण नव्हतं. अध्यक्षांनी शिंदे गटाच्या प्रतोदाला दिलेली मान्यताही बेकायदेशीर. पण ठाकऱ्यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिल्यामुळे जुनी स्थिती आणता येणार नाही. अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनी वाजवी वेळेत घ्यावा. अध्यक्षांनी तो घेतला 10 जानेवारी 2024 ला, आणि दोन्ही गटांपैकी कुणीच अपात्र ठरलं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुढची विधानसभा निवडणूक.

आता गंमत बघा. ज्या रात्री न्यायालयाने चाचणी थांबवायला नकार दिला, त्याच चाचणीबद्दल दहा-साडेदहा महिन्यांनी न्यायालय म्हणतं की ती बोलावणं बरोबर नव्हतं. ठाकऱ्यांनी राजीनामा द्यायला नको होता असं तुम्ही म्हणू शकता, तो मुद्दा आहेच. पण एका राज्याचं सरकार कुणाचं, या प्रश्नाचं घटनात्मक उत्तर जवळपास वर्षभराने यावं आणि तेही 'चूक झाली, पण आता काही करता येत नाही' असं यावं, याला न्याय म्हणायचं की इतिहासलेखन? पहिल्या प्रकरणाचा फायदा एका बाजूला झाला, दुसऱ्याचा दुसऱ्या बाजूला. पण संस्था तीच, राज्य तेच, घटना तीच. बदललं काय, तर वेळ.

आमच्या धंद्यात याला फार ओळखीचं उदाहरण आहे. कोड रिव्ह्यू रिलीजच्या आधी करतात. प्रॉडक्शनला जाऊन सहा महिने झाले, लाखो लोकांचा डेटा नव्या रचनेत गेला, आणि मग रिव्ह्यूअरचा मेल आला की 'डिझाइन मुळातच चूक आहे', तर त्या मेलचं काय करायचं? तो बरोबर असेल. तो फार सुंदर इंग्रजीत लिहिलेला असेल. पण रोलबॅक आता होत नाही.

आणि हे एकदाच झालेलं नाही. 8 नोव्हेंबर 2016 च्या नोटाबंदीचं प्रकरण डिसेंबर 2016 मध्येच घटनापीठाकडे सोपवलं गेलं. निकाल 2 जानेवारी 2023 ला. चार विरुद्ध एक मताने नोटाबंदी वैध. त्या एकट्या, न्यायमूर्ती नागरत्ना, यांनी ही प्रक्रिया बेकायदेशीर ठरवली. पण त्यांनाही लिहावं लागलं, की झालेली गोष्ट आता उलटवता येत नाही. समजा बाकीचे चौघेही त्यांच्या बाजूला असते, तरी काय झालं असतं? आपण एटीएमच्या रांगेत घालवलेले दिवस परत मिळाले असते?

निवडणूक रोख्यांचं तसंच. योजना जानेवारी 2018 पासून लागू. तिच्याविरुद्धच्या याचिका तेव्हापासूनच्या. एप्रिल 2019 मध्ये, म्हणजे ऐन लोकसभा निवडणुकीत, न्यायालयाने स्थगिती न देता पक्षांना बंद लिफाफ्यात माहिती निवडणूक आयोगाकडे द्यायला सांगितलं. मार्च 2021 मध्ये पुन्हा स्थगितीला नकार. 15 फेब्रुवारी 2024 ला पाच न्यायमूर्तींनी एकमताने योजना घटनाबाह्य ठरवली, कारण मतदाराला पक्षाचा पैसा कुठून येतो हे कळण्याचा हक्क आहे. स्टेट बँकेला नावं जाहीर करावी लागली. मी हा निकाल स्वतंत्र भारतातल्या चांगल्या निकालांपैकी एक मानतो. पण तोपर्यंत 30 टप्प्यांत सुमारे 16,518 कोटी रुपयांचे रोखे विकले गेले होते. त्या पैशावर एक लोकसभा निवडणूक आणि कितीतरी विधानसभा निवडणुका लढून झाल्या होत्या. मतदाराला जो हक्क होता, तो मतदान करून झाल्यावर मिळाला.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं असतं: देशभरात 5 कोटींहून जास्त खटले पडून आहेत, न्यायाधीश कमी, सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश धरून मंजूर पदं अवघी 34, ते तरी काय करणार? खालच्या कोर्टांसाठी हे उत्तर शंभर टक्के खरं आहे. विधी आयोगाने 1987 मध्ये दर दहा लाख लोकांमागे 50 न्यायाधीश हवेत असं सांगितलं होतं, आज त्याच्या निम्मेही नाहीत. आपल्या तुरुंगांत असलेल्या दर चार जणांमागे तिघांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही, ते नुसते कच्चे कैदी आहेत. हे भयंकर आहे आणि त्याला पैसा, माणसं, इमारती लागतात.

पण नोटाबंदी, रोखे, सरकार स्थापना ही प्रकरणं त्या 5 कोटींच्या रांगेत उभी नव्हती. ती बोटांवर मोजण्याइतकी असतात. कुठलं प्रकरण कधी आणि कुणापुढे लावायचं हा अधिकार सरन्यायाधीशांचा असतो. जानेवारी 2018 मध्ये चार ज्येष्ठ न्यायमूर्तींनी पत्रकार परिषद घेतली, ती नेमक्या याच वाटपावरून. रविवारी कोर्ट भरवता येतं हे 2019 ने दाखवलं. म्हणजे प्रश्न माणसांच्या संख्येपेक्षा, आधी काय हातात घ्यायचं या निवडीचा आहे.

आणि ती निवड बघितली की मन खट्टू होतं. ज्या महिन्यांत नोटाबंदीचं प्रकरण घटनापीठाच्या रांगेत जाऊन बसलं, त्याच सुमाराला न्यायालयाने दोन गोष्टी अगदी चपळाईने केल्या. 30 नोव्हेंबर 2016 ला थिएटरात राष्ट्रगीत सक्तीचं केलं. 15 डिसेंबर 2016 ला महामार्गापासून 500 मीटरच्या आतली दारू दुकानं बंद करायला सांगितलं. राष्ट्रगीताची सक्ती जानेवारी 2018 मध्ये न्यायालयानेच मागे घेतली. दारूच्या आदेशानंतर राज्यांनी महामार्गांना शहरातले रस्ते म्हणून जाहीर करायला सुरुवात केली, केरळातल्या एका बारने तर अंतर वाढवायला चक्रव्यूहासारखी वाट बांधली :-) शेवटी 2017 मध्येच शहरातल्या रस्त्यांना सूट मिळाली. अपघात कमी व्हावेत हा हेतू चांगलाच होता. पण दुकान 500 मीटरवर असावं की 300, हे ठरवणं स्टिअरिंगचं काम आहे. ब्रेकने स्टिअरिंग फिरवायला घेतलं तर गाडी कुठे जाईल सांगता येत नाही, आणि खरा ब्रेक हवा तेव्हा पाय भलतीकडेच असतो.

इथे एक अपवाद प्रामाणिकपणे मांडायला हवा. ऑफिसात लैंगिक छळाची तक्रार ऐकणारी समिती असते ना, जिचं ट्रेनिंग आपण सगळे दरवर्षी पटापट नेक्स्ट दाबून पूर्ण करतो, तिचा जन्म 1997 च्या विशाखा निकालातला. तेव्हा कायदाच नव्हता, म्हणून न्यायालयाने नियम घालून दिले, संसद कायदा करेपर्यंत. संसदेने तो केला 2013 मध्ये. म्हणजे 16 वर्षं आपल्या मैत्रिणींना संरक्षण होतं ते फक्त त्या निकालाचं. हे स्टिअरिंग हातात घेणं नव्हतं का? होतं थोडंसं. पण दोन फरक आहेत. एक म्हणजे तिथे कुणाचा तरी मूलभूत हक्क रोज तुडवला जात होता. दुसरं म्हणजे न्यायालयाने स्वतःच सांगितलं, की ही तात्पुरती सोय आहे, कायदा आला की तोच चालेल. महामार्गाच्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. न्यायालय निवडून आलेलं नसतं, मग निवडून आलेल्या सरकारला त्याने सारखं का थांबवावं? प्रत्येक योजनेला स्थगिती मिळायला लागली तर एक पूलही बांधून होणार नाही. बरोबर आहे. नुसती स्थगिती हे उत्तर नाहीच. जानेवारी 2021 मध्ये न्यायालयाने कृषी कायद्यांना स्थगिती दिली, पण ते कायदे घटनेत बसतात का हे मात्र नोव्हेंबरात संसदेने ते मागे घेईपर्यंत सांगितलंच नाही. कायद्याच्या बाजूचे आणि विरोधातले, दोघांनाही त्यातून काही मिळालं नाही. ब्रेकवर पाय ठेवून बसणं म्हणजेही चालवणं नव्हे.

मग करायचं काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे एक साधी कसोटी पुरे आहे: हे नंतर उलटवता येईल का? करवाढ चुकीची ठरली तर पैसे परत देता येतात. अशा प्रकरणात दोन वर्षं लागली तर बिघडत नाही. पण निवडणूक, सरकार स्थापना, कुणाचं स्वातंत्र्य, कुणाचं पाडलेलं घर, हे उलटवता येत नाही. अशा प्रकरणात न्यायालयाने एकतर ते होऊ देण्याआधी ऐकावं, किंवा ऐकून होईपर्यंत थांबवावं आणि लगेच ऐकावं. त्यासाठी कायमचं घटनापीठ हवं आणि निकालाची लेखी मुदत हवी. तारीख न्यायाधीशाच्या मर्जीवर न राहता नियमात असली, की सरकारलाही खात्री मिळते आणि नागरिकालाही.

हे स्वप्नरंजन नाही. ऑगस्ट 2019 मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधानांनी ब्रेक्झिटच्या धामधुमीत संसद पाच आठवडे बंद ठेवायचा सल्ला राणीला दिला. संसद बंद झाली, 17 ते 19 सप्टेंबर तिथल्या सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली आणि 24 सप्टेंबरला 11 न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की ही बंदी बेकायदेशीर. दुसऱ्या दिवशी संसद भरली. तोच निकाल वर्षभराने आला असता तर कायद्याच्या विद्यार्थ्यांना वाचायला छान झाला असता, एवढंच.

आणि आपल्याकडेही ही दृष्टी अधूनमधून दिसते. 13 नोव्हेंबर 2024 चा बुलडोझर कारवाईचा निकाल घ्या. खंडपीठावर होते आपल्या अमरावतीचे भूषण गवई, जे पुढे सरन्यायाधीश झाले, आणि न्यायमूर्ती विश्वनाथन. कुणावर नुसता आरोप आहे म्हणून त्याचं घर पाडता येणार नाही, आणि पाडकामाआधी किमान 15 दिवसांची नोटीस हवी, असं त्यांनी सांगितलं. त्यातले 15 दिवस मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. तत्त्व तर चांगलं आहेच, पण त्या 15 दिवसांत माणूस वकील गाठू शकतो, कोर्टात पोचू शकतो. म्हणजे निकालाने ब्रेक आणि चाक यांच्यामधली तार परत जोडली. हा निकाल येईपर्यंत कितीतरी घरं जमीनदोस्त झाली होती, पण यापुढच्यासाठी निदान वेळ तरी विकत घेतला.

तुम्ही म्हणाल, आपल्याला काय त्याचं? आपण ईएमआय भरतो, टॅक्स कापून जातो, कोर्टाशी संबंध येतो तो भाडेकराराच्या स्टॅम्प पेपरपुरता. पण सरकारशी संबंध येत नाही असा माणूस देशात नाही. उद्या आपलं आधार, आपलं खातं, आपलं घर, आपण फोनवर लिहिलेलं एखादं वाक्य, यातलं काहीही एका अधिसूचनेने धोक्यात येऊ शकतं. सरकार कुठल्याही पक्षाचं असो. तेव्हा आपली बाजू बरोबर आहे की चूक हा नंतरचा प्रश्न. आधीचा प्रश्न हा, की ती बाजू ऐकली जाईल तेव्हा वाचवण्यासारखं काही शिल्लक असेल का?

म्हणून एक छोटी सवय लावून घ्यायची विनंती. पुढच्या वेळी एखादा ऐतिहासिक निकाल आला, आणि आपण सगळे आपापल्या राजकारणाप्रमाणे खूश किंवा नाराज झालो, की बातमीत दोन तारखा शोधा. याचिका कधी दाखल झाली आणि निकाल कधी लागला. मग या दोन तारखांच्या मध्ये काय काय होऊन गेलं ते आठवा. निकालपत्र पाचशे पानांचं असो नाहीतर हजार, न्यायालयाने त्या प्रकरणात ब्रेक लावला की नुसता पंचनामा केला, हे त्या दोन तारखांवरून कळतं.